‘सॅट’च्या इंग्रजीसाठी शिकवणी लावताना

मूल अकरावीत गेले की घरातले वातावरणच बदलून जाते. कुणाकडे जेईई, कुणाकडे नीट. आणि आता बऱ्याच मध्यमवर्गीय घरांतून आणखी एक नाव ऐकू येते, ते म्हणजे ‘सॅट’. बारावीनंतर लगेच अमेरिकेत पदवीच्या शिक्षणासाठी जाऊ इच्छिणाऱ्या मुलांची ही परीक्षा. ती द्यायचे ठरले की आईवडिलांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो शिकवणीचा. गणिताचे फारसे अडत नाही. गणिताचे सर आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. अडते ते इंग्रजीपाशी, आणि त्यातही व्याकरण व लेखनाच्या प्रश्नांपाशी.

“मुलगी पहिलीपासून इंग्रजी शाळेत, आणि तिला इंग्रजीची शिकवणी?” असे आजोबा विचारतात. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पण हीच मुलगी घरी सराव परीक्षा देते आणि जिथे मार्क हमखास मिळतील असे वाटत होते, तिथेच ते जातात. मग घाईघाईने फोन सुरू होतात. शेजारच्या वहिनी एका क्लासचे नाव सांगतात, न्यू जर्सीतला मावसभाऊ कुणा ऑनलाइन मॅडमचे, आणि वडिलांच्या ऑफिसातले साहेब म्हणतात, “अहो, चांगले प्रोफेसर बघा एखादे.”

बडोद्याच्या एका मराठी कुटुंबात नेमके हेच झाले. कॉलेजातून निवृत्त झालेले, इंग्रजीवर प्रभुत्व असलेले एक सर शिकवणीला मिळाले. सरांनी तीन महिने मनापासून शिकवले. काळ, प्रयोग, प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष कथन, वाक्यांचे रूपांतर, सारे काही. मुलीची वही भरली, तिचे इंग्रजी सुधारलेही. सराव परीक्षेतले व्याकरणाचे मार्क मात्र जिथल्या तिथे. सरांची विद्वत्ता कमी नव्हती आणि मुलगीही आळशी नव्हती. परीक्षा जे विचारत होती ते त्या वहीत नव्हते, एवढेच.

शिकवणी नेमकी कशाची?

म्हणून सर शोधण्यापूर्वी आईवडिलांनी परीक्षेची थोडी ओळख करून घ्यावी. त्यासाठी स्वतःला इंग्रजी उत्तम यायला हवे असे काही नाही.

ही परीक्षा कॉलेज बोर्ड ही अमेरिकन संस्था घेते. २०२३ च्या मार्चपासून आपल्याकडे ती कागदावर होत नाही. मुलाने केंद्रावर स्वतःचा लॅपटॉप किंवा टॅब नेऊन ‘ब्लूबुक’ नावाच्या अॅपवर ती द्यायची असते. एकूण गुण १६००. त्यातले ८०० गणिताचे आणि ८०० ‘रीडिंग अँड रायटिंग’चे. या इंग्रजी विभागात ५४ प्रश्न आणि ६४ मिनिटे. त्याचे दोन सारखे भाग असतात, प्रत्येकी २७ प्रश्नांचे आणि ३२ मिनिटांचे. पहिला भाग मुलाने कसा सोडवला त्यावर दुसरा भाग सोपा येणार की अवघड हे ठरते. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत.

‘रायटिंग’ या शब्दाने मात्र पुष्कळांची फसगत होते. इथे मुलाला एक ओळही लिहायची नसते. निबंध २००५ मध्ये परीक्षेत आला, २०१६ मध्ये ऐच्छिक झाला आणि २०२१ मध्ये तो सर्वसाधारण परीक्षेतून गेलाच. आता एका छोट्या उताऱ्याखाली एकच प्रश्न आणि चार पर्याय. उतारा २५ ते १५० शब्दांचा, म्हणजे शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर मावेल एवढा. त्यातले ११ ते १५ प्रश्न शुद्ध व्याकरणाचे आणि विरामचिन्हांचे असतात. आणखी ८ ते १२ प्रश्न लेखनाचे असतात. दोन वाक्ये जोडायला ‘हाउएव्हर’ हवे की ‘देअरफोर’, किंवा टिपणांतली माहिती वापरून सांगितलेला हेतू कोणते वाक्य साधते, असे. म्हणजे दोन्ही मिळून विभागाचा जवळजवळ निम्मा वाटा. बाकीचे प्रश्न वाचून समजण्याचे.

वाचनाची समज वर्षानुवर्षांच्या वाचनातून येते. ती आठ आठवड्यांत कुणी घोटून पाजू शकत नाही. व्याकरणाचे तसे नाही. इथले नियम मोजके आहेत आणि तेच ते पुन्हा विचारले जातात. स्वल्पविराम कुठे हवा आणि कुठे नको, अर्धविराम, अपूर्णविराम, कर्ता आणि क्रियापदाचा मेळ, सर्वनाम कुणासाठी आले आहे, काळ सुसंगत आहे का, एवढ्यातच बहुतेक सारे येते. म्हणून थोड्या काळात शिकवणीचा उपयोग व्हायचा असेल तर तो इथेच होतो, आणि चुकीचे सर मिळाले तर तो वाया जातो तोही इथेच.

कानाला बरे वाटते ते

आपल्या मुलांना इंग्रजी बोलता येते. पुष्कळ मुले अडखळल्याशिवाय बोलतात. तरी या प्रश्नांत ती का चुकतात? विचारले तर उत्तर मिळते, “आई, ते वाचायला बरोबर वाटलं गं!” या ‘बरोबर वाटण्या’त बरेचसे रहस्य आहे. घरात मराठी, शाळेत इंग्रजी अशा मुलाचा कान दोन भाषांवर तयार झालेला असतो. मराठीत जे अगदी शुद्ध, ते इंग्रजीच्या या परीक्षेत चूक ठरू शकते.

एक साधे उदाहरण घेऊ. आपण म्हणतो, ‘शाळेत चालत जाताना पाऊस सुरू झाला.’ यात काही खटकते का? मुळीच नाही. चालत जाणारा मुलगा आणि सुरू झाला तो पाऊस, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते. आता हेच इंग्रजीत म्हणा, ‘वॉकिंग टू स्कूल, द रेन स्टार्टेड.’ इंग्रजी व्याकरणाच्या हिशेबाने शाळेत पाऊसच चालत निघाला! सुरुवातीच्या त्या तुकड्याचा कर्ता स्वल्पविरामानंतर लगेच यायला हवा, हा तिथला नियम. आपल्या ‘जाताना’, ‘करताना’ला असे बंधन नाही. मराठी कान ही चूक पकडत नाही, कारण मराठीत ती चूकच नाही.

दुसरे उदाहरण आंब्याचे. ‘आंब्यांची पेटी आली.’ इथे पेटी आणि आली शेजारी शेजारी बसले आहेत, त्यामुळे लहान मूलही ‘पेटी आले’ म्हणणार नाही. इंग्रजीत मात्र शब्दांचा क्रम उलटतो. ‘द बॉक्स ऑफ मँगोज’ म्हटले की क्रियापदाच्या शेजारी येऊन बसतात आंबे, पेटी जाते मागे. त्यातून परीक्षक मध्ये आणखी आठदहा शब्द घालतात, ते आंबे कुठून आले, कुणी पिकवले, कधी निघाले. तिथवर पोचेपर्यंत मुलाच्या डोक्यात आंबेच आंबे असतात आणि तो ‘हॅज’च्या जागी ‘हॅव’ निवडून मोकळा होतो.

आणि स्वल्पविराम! ‘आंबे पिकले होते, आम्ही खाल्ले.’ मराठीत हे सहज चालून जाते. इंग्रजीच्या या परीक्षेत दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडली की ती चूक. तिथे पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, नाहीतर स्वल्पविरामासोबत ‘अँड’, ‘सो’सारखा शब्द द्या. खरे म्हणजे ही विरामचिन्हे आपल्याकडे आली तीच इंग्रजीच्या वाटेने. मराठी गद्यात ती रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याला दिले जाते. चिन्हे आपण घेतली, त्यांचा काटेकोरपणा मात्र तिकडेच राहिला. शाळेतही पेपर तपासताना या चुकांवर कुणी मार्क कापत बसत नाही.

काही ठिकाणी तर कोणाचाच कान उपयोगी पडत नाही. अॅपॉस्ट्रॉफी असलेले ‘इट्स’ आणि नसलेले ‘इट्स’ घ्या. मराठीत लिहिले तर दोन्ही सारखेच दिसतात, आणि ऐकायलाही ते सारखेच. पहिल्याचा अर्थ ‘ते आहे’, दुसऱ्याचा ‘त्याचे’. इथे नियमच माहीत असायला हवा.

सांगायचे ते एवढेच, की तुमच्या मुलाला हवे आहेत ते सर नुसते फाडफाड इंग्रजी बोलणारे नकोत. मुलाने चुकीचा पर्याय निवडला तेव्हा त्याला तो बरोबर का वाटला आणि नियमाने तो का चूक आहे, या दोन्ही गोष्टी त्यांना सांगता यायला हव्यात. हे सर मराठी असले पाहिजेत असे नाही. तामिळ किंवा बंगाली घरातून आलेल्या शिक्षकालाही आपली भाषा आणि इंग्रजी यांतला खड्डा ठाऊक असतो. उलट जन्मापासून इंग्रजीच बोलणाऱ्या एखाद्या शिक्षकाकडून “हे असंच म्हणतात” यापलीकडे उत्तर मिळत नाही, असेही घडते.

आधी चुकांची वही

सरांना फोन करण्यापूर्वी मुलाला एक पूर्ण सराव परीक्षा द्यायला लावा. ब्लूबुक अॅपवर पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा फुकट मिळतात. रविवारी सकाळी घरातला टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि खऱ्या परीक्षेसारखे घड्याळ लावून. दोन तास चौदा मिनिटांचे काम आहे, मध्ये दहा मिनिटांची सुट्टी. निकालात कोणता प्रश्न चुकला आणि तो कोणत्या गटातला, हे दिसते.

मग चुकलेले प्रश्न एका वहीत उतरवायला सांगा. प्रश्न, मुलाने निवडलेला पर्याय, बरोबर पर्याय आणि ‘मला हे का बरोबर वाटले’ याची एक ओळ. ही शेवटची ओळ लिहायला मुले कंटाळतात. पण शिकवणीचे सारे भांडवल त्या ओळीत आहे, तेव्हा तिथे थोडा आग्रह धरावा. वही भरली की कधी कधी शिकवणीची गरजच नाही असेही लक्षात येते. व्याकरणाचे दोनतीनच प्रश्न चुकले असतील आणि बाकी सारे वाचनाचे असतील, तर व्याकरणाच्या सरांना पैसे देण्यात अर्थ नाही. चुका थोड्या आणि एकाच जातीच्या असतील तर खान अकॅडमीवर या परीक्षेचे धडे विनामूल्य आहेत, कॉलेज बोर्डाची स्वतःची प्रश्नपेढीही आहे. तिथे एकाच प्रकारचे प्रश्न निवडून सोडवता येतात. शिस्तीचे मूल एवढ्यावर निभावून नेते. सगळी मुले शिस्तीची नसतात, हे आयांना वेगळे सांगायला नको.

सरांची मुलाखत

आपल्याकडे शिक्षकाला प्रश्न विचारणे जरा जड जाते. गुरूची परीक्षा कशी घ्यायची, असा संकोच असतो. पण ही परीक्षा नम्रपणे घेता येते. “सर, तिने ही वही केली आहे. यातल्या दोन चुका तिला समजावून सांगाल का? आम्ही इथेच बसतो.” बस, एवढेच.

मग सर काय करतात ते पाहा. वही न उघडता “ते सगळं आपण बेसिकपासून घेऊ” असे म्हणून फीचा कागद पुढे केला, तर चहा पिऊन उठावे. वही उघडली, पण बरोबर पर्याय सांगून लगेच पुढच्या प्रश्नावर गेले, तर ते काम उत्तरसूचीही करते. आणि सरांनी मुलीलाच विचारले, “तुला हा स्वल्पविराम इथे का द्यावासा वाटला?” आणि ती सांगेपर्यंत ते थांबले, तर तुमचे काम झाले असे समजायला हरकत नाही. तुम्हाला इंग्रजी कमी समजत असले तरी हा फरक नक्की कळेल. मुलीच्या चेहऱ्यावरूनही कळेल.

सर जुन्याच परीक्षेवर अडकलेले नाहीत ना, हेही बोलता बोलता पाहून घ्यावे. त्यांच्या टेबलावरच्या पुस्तकात पानभर लांबीचे उतारे आणि एकेका उताऱ्यावर दहा-अकरा प्रश्न असतील, तर ते पुस्तक कागदी परीक्षेच्या दिवसांतले आहे. २४०० गुणांच्या गोष्टी निघाल्या तर त्याहून जुने, २०१६ च्या आधीचे. नियम तेच असले तरी सराव आजच्या पद्धतीनेच व्हायला हवा. दर प्रश्नाला सरासरी ७१ सेकंद मिळतात आणि व्याकरणाचा प्रश्न त्याहून लवकर आटोपला तरच वाचनाला वेळ उरतो. चांगला शिक्षक हे हिशेब आपणहून सांगतो.

स्वतः सरांना परीक्षेत किती गुण पडले होते? हा प्रश्न विचारावा, पण त्याला फार महत्त्व देऊ नये. नुकतीच परीक्षा दिलेला एखादा कॉलेजकुमार कमी फीत शिकवायला तयार असतो आणि परीक्षा त्याच्या डोक्यात ताजी असते. पण ज्याला सारे सहज आले, त्याला दुसऱ्याचे का अडते हे कळतेच असे नाही. त्यालाही ती वहीच दाखवावी.

फी, वेळ आणि आणखी काही

इंदूर, हुबळी, रायपूरसारख्या शहरांत या परीक्षेचे सर सहज सापडत नाहीत. तिथल्या वाचकांना ऑनलाइन शिकवणी सोयीची पडते. अमेरिकेतला शिक्षक असेल तर वेळेचा हिशेब आधी करा. आपल्याकडे सकाळचे सहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कला आदल्या दिवशीची रात्रीचे साडेआठ झालेले असतात. रात्री अकरापर्यंत क्लास, आणि सकाळी सहाला ऑनलाइन व्याकरण, हे फार दिवस चालत नाही. मूल पडद्यासमोर बसलेले असते, पण झोपलेले असते. शिवाय फी डॉलरमध्ये. एकास एक शिकवणीत हे पैसे जड वाटले तर एकाच पातळीची दोन मुले मिळून एकत्र शिकवणी लावता येते. व्याकरणाला ते चालते. एकाची चूक दुसरा समजावून सांगू लागला की दोघांचेही पक्के होते.

सगळी फी एकदम भरू नका. चार तासांची भरा, मग बघा. मोठ्या क्लासमध्ये हे ऐकले जात नाही, तिथे पूर्ण पॅकेजचाच आग्रह असतो. अशा वेळी दोन गोष्टी माहीत असाव्यात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पन्नासहून जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासने, विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे त्यांत म्हटले आहे. मार्कांची हमी देऊ नये, असेही त्यांत आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने क्लासच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध सूचना काढल्या. तेव्हा ‘१५०० प्लस गॅरंटी’ असा फलक दिसला तर तेवढ्याने भुलू नये. पैसे परत मिळण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी. तोंडी आश्वासन नंतर कुणाला आठवत नाही.

सर घरी येणार असतील तर शिकवणी बैठकीच्या खोलीत, दार उघडे ठेवून. ऑनलाइन असेल तर लॅपटॉप घराच्या मोकळ्या जागी. यात कुणावर संशय घेण्याचा प्रश्न नाही, भले शिक्षक हे स्वतःच सुचवतात.

आणखी एक आमिष दाखवले जाते. “व्याकरणाबरोबर कॉलेजच्या अर्जाचे निबंधही आम्हीच तयार करून देऊ.” या अर्जासोबतचे निबंध ही परीक्षेपेक्षा अगदी वेगळी गोष्ट आहे. ते स्वतःचेच लेखन असल्याचे मुलाला अर्जात कबूल करावे लागते. सरांनी चुका दाखवल्या तर ठीक. लिहून देणाऱ्या सरांकडून मूल पहिली गोष्ट शिकेल ती खोटी सही करण्याची. अशा ठिकाणी व्याकरणही शिकवायला पाठवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुळात ही परीक्षा हवी आहे का, हेही तपासून घ्या. करोनाच्या काळात पुष्कळ विद्यापीठांनी ती ऐच्छिक केली. पुढे एमआयटीने २०२२ मध्ये, तर हार्वर्ड, डार्टमथ, ब्राउन, कॅलटेक यांनी २०२४ मध्ये परीक्षेचे गुण पुन्हा सक्तीचे करण्याचे जाहीर केले. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र प्रवेशासाठी हे गुण पाहतच नाही. मुलाच्या यादीतल्या प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचा नियम वाचावा. परीक्षेची नोंदणी फीच शंभर डॉलरच्या वर जाते. शिकवणीचा खर्च वेगळा.

वेळेचे गणित असे बसवता येते. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांचे अर्ज बारावीच्या वर्षी नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान भरले जातात, आणि फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा येऊन ठेपते. त्यामुळे अकरावीची परीक्षा संपल्यावर सुट्टीत व्याकरणाची शिकवणी लावली आणि मे-जून किंवा ऑगस्टमध्ये पहिला प्रयत्न केला, तर दुसऱ्या प्रयत्नालाही जागा उरते. आठवड्यातून दोन तास, असे आठ आठवडे या भागाला पुष्कळ झाले. सर वर्षभराचा अभ्यासक्रम सांगू लागले तर तो कशासाठी, हे विचारावे.

चार आठवडे झाले की मुलाला ब्लूबुकवर दुसरी सराव परीक्षा द्यायला लावा आणि दोन्ही वेळच्या वह्या सरांसमोर शेजारी शेजारी ठेवा. स्वल्पविरामाच्या चुका गेल्या आणि कर्ता-क्रियापदाच्या राहिल्या, तर उरलेले तास त्याच्यावर घालवावेत. काहीच हलले नसेल तर तेही सरांना सांगायला हवे. “सर, तुम्ही कष्ट घेतलेत, पण या चुका अजून तशाच आहेत. पुढचे दोन तास फक्त एवढ्यावरच घ्याल का?” सर हो म्हणाले तर आणखी दोन आठवडे थांबा. ते रागावले, तर त्या महिन्याची फी चुकती करून मुलाची वही परत मागून घ्या. पुढच्या सरांना तीच दाखवायची आहे.